मास्टर व्हॉल्यूम नसलेला ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण उघडून वाजवताना

गिटारच्या, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ट्यूब अ‍ॅम्पला मास्टर व्हॉल्यूम (फाटलेपणा तसाच ठेवून बाहेरचा आवाज कमी करणारा नॉब) नसतो, आणि त्याचा खरा, किंचित फाटलेला आवाज व्हॉल्यूम निम्म्याच्या वर गेल्याशिवाय निघत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने असा अ‍ॅम्प आणला की पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. दोनवर ठेवला तर आवाज पातळ आणि टोचरा, सातवर नेला तर खालच्या मजल्यावरचे काका दारात. सहा महिन्यांत अ‍ॅम्प विकायला निघतो आणि मालक सगळ्यांना सांगत फिरतो की ट्यूबबिब काही खरं नाही.

अशा अ‍ॅम्पला हाताळायची रीतच वेगळी आहे. अ‍ॅम्प एकदा नीट लावायचा आणि सोडून द्यायचा. त्यानंतरचं सगळं काम गिटारच्या व्हॉल्यूमने आणि उजव्या हाताने करायचं. खाली लिहिलेलं प्रत्येक पाऊल तिथे पोहोचण्यासाठी आहे: वीज, खोली, नॉब, स्पीकर, सगळं.

आवाज फाटतो तो नेमका कुठे

गिटारचा सिग्नल आधी १२एएक्स७ सारख्या छोट्या ट्यूबमध्ये वाढतो. फेज इन्व्हर्टर त्याच्या दोन उलट प्रती करतो, त्या पॉवर ट्यूबच्या जोडीला मिळतात आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर ती ताकद स्पीकरपर्यंत पोहोचवतो. आजच्या हाय-गेन अ‍ॅम्पमध्ये जवळजवळ सगळं डिस्टॉर्शन पहिल्याच टप्प्यात, म्हणजे प्रीअ‍ॅम्पमध्ये, तयार होतं, म्हणून तो हळू आवाजातही फाटलेला ऐकू येतो. जुन्या रचनेत प्रीअ‍ॅम्पच्या पायऱ्या कमी. तिथे फेज इन्व्हर्टर, पॉवर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी स्पीकरचा कागद असे सगळे मिळून थोडे थोडे फाटतात. प्रत्येकाचा वाटा लहान असल्यामुळे नोट चिरडत नाही, जाड होते.

रेक्टिफायरही (एसी विजेची डीसी करणारा भाग) ट्यूबचा असेल, जसा फेंडर ट्वीड डिलक्सच्या ५ई३ सर्किटमध्ये ५वाय३ असतो, तर जोरात पिक मारल्यावर आतलं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि नोट धरल्यावर परत वर येतं. अ‍ॅम्प श्वास घेतोय असं जे बोटांना जाणवतं ते हेच.

आणखी एक फरक माहीत असला की नॉब लावणं सोपं जातं. ट्वीड डिलक्स आणि व्हॉक्स एसी३० यांच्या पॉवर सेक्शनमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा मागे देऊन आवाज साफ ठेवणारी जोडणी) नसतो. ते अलगद फाटत जातात, साफ आवाज कुठे संपला ते कळतही नाही. फेंडर बासमन आणि त्याच्यावरून १९६२ मध्ये लंडनला बनलेला मार्शल जेटीएम४५ यांच्यात फीडबॅक असतो. ते बराच वेळ ताठ उभे राहतात आणि मग एकदम मोडतात. पहिल्या जातीच्या अ‍ॅम्पवर नॉब अर्धा घर फिरवला तरी फरक पडतो. दुसऱ्या जातीला धीर धरून वर न्यावं लागतं.

खोलीच्या मापाचा अ‍ॅम्प

वॅटचा हिशेब फसवा आहे. ताकद दहापट केली तर आवाज १० डेसिबल वाढतो आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटवाल्याच्या दहापट मोठा नसतो, दुप्पट असतो. १०० आणि ५० मध्ये फक्त ३ डेसिबलचा फरक. ‘१०० ऐवजी ५० घेतला, आता घरी वाजवता येईल’ ही समजूत म्हणूनच टिकत नाही.

उलट बाजूने पाहा. गिटारचा साधा स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतरावर सुमारे ९७ डेसिबल देतो असं धरलं, तर ५ वॅटला १०४, १५ वॅटला १०९ आणि १०० वॅटला ११७ होतात. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे १०० डेसिबलचा आवाज कानाने दिवसातून जास्तीत जास्त १५ मिनिटं सोसावा. सगळ्यात लहान, एका ६व्ही६ ट्यूबचा, ५ वॅटचा फेंडर चॅम्पसुद्धा पूर्ण उघडला की ही मर्यादा ओलांडतो. कानात प्लग घाला, आणि तेही वाजवायला सुरुवात करण्याआधी.

माझा सल्ला असा: फ्लॅटमध्ये राहत असाल तर ५ वॅट. वेगळं घर किंवा मळा असेल तर १२ ते १५ वॅट, म्हणजे दोन ६व्ही६ किंवा दोन ईएल८४ पॉवर ट्यूबवाला. ड्रमरबरोबर बंद खोलीत तालीम असेल तर १५ ते २२. त्याच्यापुढचा अ‍ॅम्प मोकळ्या मैदानाशिवाय कुणी पूर्ण उघडू शकत नाही, आणि मैदानावर साउंडवाला मुलगा तुम्हाला उघडू देणार नाही.

कायद्याचंही एक वाक्य. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र १० ते सकाळी ६ धरली जाते. गणपतीत नाशिक ढोलाचं पथक खिडकीखालून गेलं तर सोसायटी गॅलरीत येऊन टाळ्या वाजवते, हे खरं. तीच सोसायटी मंगळवारी दुपारी तुमची ए कॉर्ड ऐकून घेणार नाही. शेजाऱ्यांशी वेळ ठरवून घ्या. रोज संध्याकाळी पाऊण तास आधी सांगून वाजवला तर लोक चालवून घेतात. न सांगता दहा मिनिटं वाजवला तरी चिडतात.

मळ्यातलं घर असेल तर प्रश्नच मिटला, मखमलाबादकडे किंवा दिंडोरीच्या रस्त्याला अशी घरं पुष्कळ आहेत. पण तिथे विजेची वेगळी कथा असते. ती पुढे.

आधी वीज, मग टोन

टोनवर बोलणारे बहुतेक लोक हा भाग गाळतात. आपल्याकडे तो गाळून चालत नाही, कारण हे अ‍ॅम्प ज्या व्होल्टेजसाठी बनले ते आपल्या भिंतीत नाही.

पहिलं काम, मल्टीमीटर घ्या आणि ज्या बोर्डावर अ‍ॅम्प लावणार तिथलं व्होल्टेज सकाळी, दुपारी आणि रात्री मोजून लिहून ठेवा. कागदावर आपला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्रत्यक्षात तो खाली-वर होतो. मळ्यात तर शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की काटा पडलेला दिसतो.

दुसरं, अ‍ॅम्पच्या पाठीमागची पट्टी वाचा. काही अ‍ॅम्पना २२०, २३०, २४० अशा वेगळ्या जोडण्या असतात. अ‍ॅम्प २२० वर लावलेला आणि भिंतीत २४५ असतील तर आतलं सगळं ११ टक्क्यांनी वर जातं. ६.३ व्होल्टचे हीटर (ट्यूबच्या आतल्या तापणाऱ्या तारा) ७ वर जातात, ४५० चं उच्च व्होल्टेज ५०० वर. ट्यूब लवकर संपतात, फिल्टर कपॅसिटर त्यांच्या मर्यादेला टेकतात आणि आवाज कडक, काचेसारखा होतो. लोक हा कडकपणा ट्रेबल कमी करून घालवायला बघतात, तो जात नाही. हीटरचं व्होल्टेज ६.३ च्या दहा टक्के आतबाहेर, म्हणजे ५.७ ते ६.९ च्या दरम्यान असावं.

तिसरं, अमेरिकेतून आणलेला ११७ किंवा १२० व्होल्टचा अ‍ॅम्प. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पट्टीवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या, १०० लिहिले असतील तर २०० ते ३०० व्हीएचा. आपल्याकडे मिळणारे स्वस्त डबे बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण भिंतीपासून विलग करत नाहीत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यात वाइंडिंग करणारा ओळखीचा असेल तर त्याच्याकडून दोन वेगळ्या वाइंडिंगचा, अर्थ पुढे नेणारा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. नेहमीचा २३० ते ११० चा असेल आणि भिंतीत २४० असतील तर बाहेर ११५ मिळतात. १९५० आणि ६० च्या दशकातल्या अ‍ॅम्पना हे अगदी बरोबर बसतं.

वारंवारतेकडेही बघा. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर तो पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो, कारण त्याच व्होल्टेजला त्याच्या लोखंडी गाभ्यावर २० टक्के जास्त भार येतो. ५०/६० लिहिलेलं असेल तर काळजी नाही. नुसतं ६० असेल तर तासभर वाजवून ट्रान्सफॉर्मर बाहेरून किती तापतो ते बघा. हात टेकवून ठेवता येत नसेल तर तो अ‍ॅम्प तंत्रज्ञाला दाखवल्याशिवाय पुन्हा उघडून वाजवू नका.

लाइट गेली की घराच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प चालवायचा मोह होतो. साध्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर घरघरतो, तापतो, आणि स्पीकरमधून ती घरघर जाड होऊन बाहेर येते. प्युअर साइन वेव्हचा असेल तरच लावा.

आता अर्थिंग. मीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट असतील तर ठीक, पाचच्या वर जात असेल तर आधी इलेक्ट्रिशियन. हम (सतत घुमणारा बारीक आवाज) येतो म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग प्रत्येक गावात असतात. हम जातो, आणि गिटारच्या तारांना हात लावून माइकला ओठ टेकवणाऱ्या गायकाचा जीव धोक्यात येतो. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पना दोन पिनची वायर असेल तर ती तीन पिनची करून घ्या आणि वायर चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडणारा जुना कपॅसिटर काढून टाकायला सांगा.

अ‍ॅम्प स्वतः उघडू नका, हेही इथेच सांगतो. आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात. रेडिओ दुरुस्त करणारी जुनी मंडळी उजवा हात आत आणि डावा हात खिशात ठेवायची, ते उगीच नाही.

प्रत्यक्ष लावणी

स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही सुरू करायचा नाही. पॉवर सेक्शनला भार मिळाला नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि अ‍ॅम्पमधला सगळ्यात महाग तुकडा बहुधा तोच असतो. स्पीकरचे ओम आणि अ‍ॅम्पच्या जॅकवरचे ओम जुळवा. हेड (अ‍ॅम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळे असतील तर मधली वायर स्पीकरची हवी. गिटारची बारीक वायर इथे वापरायची नाही, तिला तो प्रवाह झेपत नाही.

स्टँडबाय (उच्च व्होल्टेज वेगळं चालू करणारा स्विच) असेल तर हीटर मिनिटभर तापू द्या, मग चालू करा. पाच-दहा मिनिटं हळू वाजवा. जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा थंड खोलीतला स्पीकरही ताठ असतो, जरा जास्त वेळ द्या.

आता नॉब. गिटारचे सगळे नॉब दहावर, ब्रिज पिकअप (तारांचा सूर पकडणारा, ब्रिजजवळचा). अ‍ॅम्पवर बास दोनवर, ट्रेबल पाचवर, मिडल असेल तर सहावर, रिव्हर्ब शून्य. व्हॉल्यूम दोनपासून एकेक घर वर न्या आणि प्रत्येक घरावर एकच गोष्ट वाजवा: जाड ई तारेवरचा एखादा रिफ, मग वरच्या दोन तारांचा एक सूर लांब धरून. एक जागा अशी येते की त्याच्यापुढे आवाज मोठा व्हायचा थांबतो आणि नुसता जाड होऊ लागतो. तिथून अर्धा घर मागे या. ही तुमची जागा. ती नऊ-दहावर क्वचितच असते, बहुतेक अ‍ॅम्पमध्ये साडेपाच ते साडेसातच्या मध्ये सापडते.

बास इतका कमी कशाला, असं वाटेल. हळू आवाजात बास दोनवर पोकळ लागतो हे खरं आहे. पण पॉवर ट्यूब फाटू लागल्यावर सगळ्यात जास्त ताकद खालचे सूर खातात. ते आधीच कापले नाहीत तर पॉवर सप्लाय दमतो, कॉर्ड वाजवली की सूर वेगवेगळे ऐकू येत नाहीत, नुसता चिखल होतो. शिवाय मोठ्या आवाजात कानाला बास आपोआप जास्त ऐकू येतो. व्हॉल्यूम वर, बास खाली, ही जोडी तोडू नका.

यानंतर अ‍ॅम्प कोणत्या घराण्यातला आहे त्याप्रमाणे बदल.

ट्वीड डिलक्स आणि त्याच्या प्रती: नॉब बारापर्यंत जातात आणि टोनचा एकच नॉब असतो. यातली गंमत अशी की दोन चॅनल एकमेकांत गुंतलेले आहेत. गिटार एका चॅनलमध्ये असताना दुसऱ्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी आवाज बदलतो, म्हणून तो न वापरलेला नॉबही टोनचा नॉब समजा आणि शून्यापासून वर नेत कानाने जागा शोधा. बारावर नेलात तर फझ पेडलसारखं, पार फाटलेलं काहीतरी हाती लागेल. एखाद्या गाण्यापुरतं छान, संध्याकाळभर ऐकवत नाही. मूळ सर्किटमध्ये पहिली ट्यूब १२एवाय७ आहे, तिचा वर्धन गुणांक सुमारे ४५. लोक तिथे १०० गुणांकाची १२एएक्स७ खोचतात आणि मग अ‍ॅम्प तीनवरच फाटतो म्हणून रडतात. मूळ ट्यूब परत लावा, नॉबला पल्ला मिळतो.

डिलक्स रिव्हर्बसारखे, दोन ६व्ही६ चे २२ वॅटवाले: यांचे मधले सूर मुळातच दबलेले असतात आणि पूर्ण उघडल्यावर बास सगळ्यात आधी सुटतो. बास शून्य ते दोन. खालचा, दोन नंबरचा इनपुट वापरून बघा. तो सुमारे ६ डेसिबल कमी देतो आणि ट्रेबलची धारही जरा मोडतो, हमबकर (दोन कॉइलच्या) पिकअपला हे मानवतं.

मार्शल आणि चार इनपुटचे अ‍ॅम्प: दोन्ही चॅनल जोडून वाजवा. गिटार ब्राइट चॅनलच्या वरच्या भोकात, त्याच चॅनलच्या खालच्या भोकातून एक छोटी पॅच केबल दुसऱ्या चॅनलच्या वरच्या भोकात. ब्राइट सहा-सात, नॉर्मल तीन-चार. ब्राइटने धार येते, नॉर्मलने अंग भरतं. मार्शल कान फाडतो अशी तक्रार करणारे बहुतेक जण त्याला तीनवर वाजवत असतात. मार्शलच्या १९५९ सुपर लीडच्या (१९५९ हा मॉडेल नंबर, साल नाही) ब्राइट चॅनलमध्ये व्हॉल्यूमवर एक कपॅसिटर असतो, तो ट्रेबलला व्हॉल्यूमच्या पलीकडे सरळ वाट करून देतो. व्हॉल्यूम कमी असताना फक्त ट्रेबलच पुढे जातो. व्हॉल्यूम वर गेला की बाकीचे सूरही तेवढेच पुढे येतात आणि त्या कपॅसिटरचा परिणाम मावळतो. सातवरचा मार्शल तीनवरच्या मार्शलपेक्षा गोड वाजतो, हे ऐकल्याशिवाय पटत नाही.

एसी३० आणि ईएल८४ वाले: कट नावाचा नॉब वर नेला की ट्रेबल कमी होतो, उलटा चालतो हे लक्षात ठेवा. तो शेवटच्या टप्प्यात काम करतो, म्हणून फाटल्यावर येणारी किरकिर कापायला ट्रेबलच्या नॉबपेक्षा तोच उपयोगी. टॉप बूस्ट चॅनलचे ट्रेबल आणि बास दोन्ही वर नेऊ नका, मधला आवाज गायब होतो.

खरं काम इथून: गिटारचा व्हॉल्यूम

अ‍ॅम्प जागेवर बसला की त्याच्याकडे पाठ करा. आता गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा आणि मऊ हाताने कॉर्ड वाजवा. आवाज साफ होईल, पण दोनवर ठेवलेल्या अ‍ॅम्पसारखा पोकळ होणार नाही. सात-साडेसातवर जोरात मारलं तर फाटेल, हलकं मारलं तर साफ. गाण्यातली बहुतेक साथ याच जागेवर वाजवायची. दहा सोलोसाठी राखून ठेवा.

याचा सराव वेगळा करावा लागतो. एकच साधी चाल घ्या, तीन कॉर्डची. न थांबता वाजवत राहा आणि करंगळीने व्हॉल्यूम चारवरून दहापर्यंत नेऊन परत आणा. मग नॉबला हात न लावता तोच फरक फक्त पिकच्या जोरावर आणून बघा. पेडलची सवय असलेल्याला पहिल्यांदा हे अवघड जातं, कारण पेडलने प्रत्येक फटका सारखाच करून ठेवलेला असतो. महिनाभर चिकाटीने केलं की पाय आपोआप पेडलकडे जायचा थांबतो.

यात अडथळा येतो तो गिटारच्या आतून. व्हॉल्यूम खाली आणल्यावर आवाज मुका होत असेल तर व्हॉल्यूमच्या पॉटवर ट्रेबल ब्लीड, म्हणजे एक छोटा कपॅसिटर आणि रेझिस्टर, लावून घ्या. गिब्सन पद्धतीच्या गिटारमध्ये टोनची जोडणी १९५० च्या दशकातल्यासारखी करून घेतली तरी काम होतं, आणि मला तीच जास्त आवडते, कारण ट्रेबल ब्लीडने आवाज कधी कधी फार चिरका होतो. मोबाइल दुरुस्तीवाला मुलगासुद्धा हे सोल्डरिंग करून देतो. केबल लांब असेल तर ट्रेबल आधीच गळतो, घरात तीन मीटर पुरे. पिकअप तारांच्या फार जवळ असतील तर, विशेषतः नेकचा जाड तारांकडचा कोपरा, थोडे खाली करा. एवढ्याने बासचा अर्धा चिखल जातो.

पेडल लागलंच तर

कमी. आधीच फाटणाऱ्या अ‍ॅम्पला बूस्ट दिला तर आवाज मोठा होत नाही, दाटतो. ते हवं असेल तर ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल गेन शून्याजवळ आणि लेव्हल वर ठेवून लावा. तो खालचे सूर कापतो आणि मधले पुढे आणतो, म्हणून सोलो कॉर्डच्या वर उठून दिसतो. ट्रेबल बूस्टर एसी३० जातीच्या अ‍ॅम्पबरोबर जमतो, डिलक्स रिव्हर्बबरोबर बहुधा टोचतो. फझ लावायचा तर गिटारनंतर लगेच, मध्ये बफरवालं (सिग्नलला स्वतः ताकद देणारं) काही नको, नाहीतर गिटारच्या व्हॉल्यूमने तो साफ होत नाही. डीले आणि रिव्हर्ब फाटलेल्या अ‍ॅम्पच्या आधी आले की प्रत्येक पडसादही फाटतो. मिक्स अगदी थोडा ठेवा.

स्पीकर आणि खोली

पूर्ण उघडलेला अ‍ॅम्प लिहिलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त ताकद देतो. म्हणून स्पीकर अ‍ॅम्पच्या दुप्पट क्षमतेचा असावा. सेलेशन ब्लू १५ वॅटचा आहे, १५ वॅटच्या अ‍ॅम्पला एकटा लावून दहावर वाजवू नका. ग्रीनबॅक २५ वॅटचा, तो १२-१५ वॅटवाल्या अ‍ॅम्पला चालतो.

आपल्या घरांत फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब. जमिनीवर टेकवलेला अ‍ॅम्प या सगळ्याला हादरवतो आणि खालच्या घरात बास तिथूनच पोहोचतो. अ‍ॅम्प लोखंडी खुर्चीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा, खाली जाड रबर किंवा जुनी सतरंजी. तिरका करून स्पीकर कानाकडे वळवा. बारा इंची स्पीकरचा ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ रेषेत जातो. अ‍ॅम्प घोट्याजवळ असेल तर तो तुमच्या गुडघ्याला मिळतो, तुम्हाला आवाज मऊ वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्याचे हाल होतात. कोपऱ्यात ठेवू नका, बास फुगतो. मागची बाजू उघडी असेल तर भिंतीपासून हातभर पुढे. समोरच्या भिंतीला उभी केलेली गादी हा सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय.

आवाज उतरवायचा तर

अ‍ॅटेन्युएटर अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो आणि जादा ताकद उष्णतेत घालवतो. साधा रेझिस्टरचा स्वस्त असतो, ६-८ डेसिबलपर्यंत बरा. त्याच्यापुढे आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा लागतो. रिअ‍ॅक्टिव्ह प्रकार खऱ्या स्पीकरसारखा भार देतो, म्हणून जास्त उतरवला तरी हाताला अ‍ॅम्प तसाच वाटतो. पण १५-२० डेसिबल उतरवल्यावर कोणताच अ‍ॅटेन्युएटर तीच मजा देत नाही, कारण स्पीकरचा कागद हलत नाही आणि हळू आवाजात कानालाच बास-ट्रेबल कमी ऐकू येतात. विकणारे हे सांगत नाहीत. अशा वेळी उतरवल्यानंतरच्या आवाजावर कान ठेवून बास थोडा वाढवा. रात्री वाजवायचं तर रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी भार देणारा डबा), संगणकात कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (कॅबिनेट आणि माइकच्या आवाजाची नोंद) आणि हेडफोन, हा मार्ग सगळ्यात शहाणा. मात्र शेजाऱ्यांना ऐकू येत नसलं तरी ट्यूब दहावरच जळत आहेत, हे विसरू नका.

ट्यूब आणि पावसाळा

बायस म्हणजे पॉवर ट्यूब शांत असताना तिच्यातून किती प्रवाह वाहतो ते ठरवणारी जोडणी. कॅथोड बायसच्या (ती आपोआप जुळते) अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब बदलल्या की सहसा काही लावावं लागत नाही. फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये बायस मोजून लावून घ्यावाच लागतो, शांत असताना ट्यूबच्या कमाल प्लेट क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत. ट्यूबची प्लेट लाल दिसली तर त्याच क्षणी बंद करा. शिट्टी किंवा टणत्कार येत असेल तर पेन्सिलीने छोट्या ट्यूब एकेक हलकेच टिचकून बघा, जी स्पीकरमधून वाजते ती बदला. दमट हवेत ट्यूबच्या पायांवर आणि जॅकवर थर चढतो. त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्यांनी पावसाळा संपला की सॉकेट आणि पॉट क्लीनरने साफ करून घ्यावेत, निम्मी खरखर तिथेच असते. आणि चार महिने अ‍ॅम्प गुंडाळून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर चालवणं बरं, आतली ऊब ओल घालवते.

रेकॉर्डिंग

एसएम५७ माइक स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन बोटांवर, स्पीकरच्या मधल्या गोल टोपीच्या मधोमध न ठेवता टोपी आणि कागदाच्या सीमेवर. टोचत असेल तर अ‍ॅम्पचा ट्रेबल कमी करण्याआधी माइक बाहेरच्या बाजूला एक बोट सरकवा. माइक लावल्यावर व्हॉल्यूम तुमच्या नेहमीच्या जागेपेक्षा एक घर खाली घ्या, कारण तोच भाग दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाकला की फाटलेपणा बेरजेने वाढतो आणि खोलीत बरोबर वाटणारा आवाज तिथे जास्त होतो.